कीर्तिमंत बांधकामे का कोसळतात?

(अभियंता दिनानिमित्त नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१५ सप्टेंबर हा भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिन. देशभर तो अभियंता दिन म्हणून साजरा होतो. नागपूरकरांना या नावाचे विशेष अगत्य असावे, कारण १९६० साली येथे स्थापन झालेले आणि आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय त्यांच्याच नावाने उभे आहे. अशा दिवशी अभियंत्यांच्या पराक्रमाचे गुणगान व्हावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि या वर्षी थोडा निराळा विषय निवडला आहे. पराक्रमाचे नव्हे, तर पराक्रमाच्या पोटी जन्मलेल्या अपघातांचे चिंतन व्हावे, असा हेतू आहे. तसे करण्याला विश्वेश्वरय्यांच्याच जीवनातील एक प्रसंग कारणीभूत आहे.

विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला धरणासाठी त्यांनी आपोआप उघडमीट होणाऱ्या दारांची योजना केली आणि १९०३ साली ती दारे तेथे बसली. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेवर गेली की दार स्वतः उघडावे आणि पाणी उतरले की स्वतः मिटावे, ही त्या काळात अपूर्व कल्पना होती. पुढे १२ जुलै १९६१ रोजी तेच खडकवासला धरण फुटले. धरण फुटले तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. शंभरी ओलांडून १४ एप्रिल १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या धरणावर एका महान अभियंत्याच्या प्रतिभेची मुद्रा उमटली होती, ते त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. असे का व्हावे?

निकृष्ट काम पडले, तर त्यात नवल नाही. सिमेंटमध्ये राख मिसळणाऱ्या कंत्राटदाराचा पूल कोसळला, तर त्याची मीमांसा पोलिसांनी करावी. त्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. परंतु उत्तम बुद्धीची, प्रामाणिक माणसे ज्याला आपल्या आयुष्याचे सार्थक मानतात आणि देश ज्याचा अभिमान बाळगतो, असे कामही कोसळते. तेव्हा त्याची कारणे केवळ चुन्यात आणि लोखंडात शोधून भागत नाही. ती माणसाच्या मनात आणि माणसांच्या व्यवस्थेत शोधावी लागतात.

पानशेत : घाईची किंमत

महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या मंडळींना पानशेतची कथा सांगावी लागत नाही, पण तरुण पिढीला ती ठाऊक असेलच असे नाही. मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवर, पुण्याच्या नैर्ऋत्येस, पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. स्वातंत्र्याला जेमतेम चौदा वर्षे झाली होती. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन एकच वर्ष उलटले होते. देशाला अन्न हवे होते, त्यासाठी पाणी हवे होते आणि पाण्यासाठी धरणे हवी होती. या तळमळीत खोटे काहीच नव्हते. परंतु तिच्या पोटी एक उतावीळ शिरली आणि धरण ठरल्या मुदतीच्या आधीच उपयोगात आणायचे, असे ठरले.

मातीच्या धरणाची प्रकृती समजून घेतली पाहिजे. दगडी धरण पाण्याला आपल्या वजनाने अडवते. मातीचे धरणही वजनाने अडवते, पण त्याला दोन गोष्टी मुळीच सोसत नाहीत. एक म्हणजे माथ्यावरून पाणी वाहणे आणि दुसरी म्हणजे पोटातून पाणी झिरपताना मातीचे कण सोबत घेऊन जाणे. म्हणून धरणातून पाणी बाहेर सोडणारी मोरी, जिला पाटबंधाऱ्याच्या भाषेत विमोचक म्हणतात, ती अतिशय मजबूत असावी लागते. तिला तडा गेला की भोवतालची माती तिच्यात ओढली जाते, वरचा भराव खचू लागतो आणि खचलेल्या माथ्यावरून पाणी जाण्याची वाट मोकळी होते.

पानशेतला नेमके हेच घडले. १९६१ चा पावसाळा आला तेव्हा विमोचकाचे काम आणि त्याच्या दारांची यंत्रणा अपुरी होती. पोलादाच्या टंचाईमुळे मोरीच्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या. पाऊस मात्र कोणाच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. पहिल्याच पावसात जलाशय झपाट्याने भरू लागला. अर्धवट उघड्या दाराखालून पाणी प्रचंड वेगाने मोरीत शिरू लागले, मोरी हादरू लागली आणि तिच्यावरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान आणि धरणावरील मजूर भर पावसात वाळूची पोती रचत खचणारा माथा उंचावत राहिले. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. त्याचे पाणी खाली खडकवासल्यावर आदळले. १८७९ साली पूर्ण झालेले आणि तोवर ऐंशी पावसाळे पाहिलेले ते दगडी धरणही काही तासांत फुटले आणि मुठेचा लोंढा पुण्यात शिरला.

तो बुधवार होता. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील वाडे पाण्याखाली गेले. किती माणसे गेली, त्याचा आकडा आजही निर्विवाद नाही. काही अंदाज हजारापर्यंत जातात. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. रात्रभर जवानांनी जे काही तास झुंजून मिळवले, त्यामुळे पूर मध्यरात्रीऐवजी दिवसाउजेडी आला. झोपेतले पुणे सापडले असते, तर काय झाले असते याची कल्पनाच करवत नाही. पूर ओसरल्यावर पुणेकरांनी पाहिले की शहराला पाणी देणारे धरणच उरलेले नाही. पाण्याने उद्ध्वस्त झालेले शहर पिण्याच्या पाण्याला पारखे झाले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. चौकशी चालू असतानाच आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांचे निधन झाले आणि पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे ते काम आले. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. पुणे सावरले. पानशेतचे धरणही पुन्हा बांधले गेले आणि आज ते तानाजीसागर या नावाने ओळखले जाते. परंतु एक प्रश्न उरतोच. मोरी अपुरी आहे हे धरणावरील कोणा अभियंत्याला, मुकादमाला, गवंड्याला दिसत नव्हते काय? दिसत होतेच. अडचण ज्ञानाची नव्हती. जे दिसते आहे त्याच्यासाठी काम थांबवण्याचा अधिकार आणि धैर्य कोणापाशी आहे, ही अडचण होती.

धरण पहिल्यांदा भरते, तो त्याच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ असतो. ५ जून १९७६ रोजी अमेरिकेत आयडाहो राज्यातील टेटन धरण पहिल्याच भरणीत फुटले. तेथे पैशाची, पोलादाची वा यंत्रांची टंचाई नव्हती. म्हणजे पानशेत हे केवळ दरिद्री देशाचे दुर्दैव होते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

यशाने कमी केलेली सावधानता

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अपयशाने माणूस सावध होतो, यशाने निर्धास्त होतो. अमेरिकेतील टॅकोमा येथील झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला. त्याचा मधला गाळा ८५३ मीटरचा होता आणि लांबीत तो त्या काळी जगात तिसरा होता. त्याचे आरेखन करणारे लिऑन मॉइसेफ हे झुलत्या पुलांच्या विद्येतील अग्रगण्य नाव होते. त्यांनी आणि त्यांच्या समकालीनांनी यापूर्वी जे पूल बांधले, ते एकाहून एक सडपातळ होते आणि सगळे यशस्वी झाले होते. साहजिकच पुढचा पूल अधिक सडपातळ करावा, अधिक स्वस्त करावा, असे वाटत गेले. टॅकोमाच्या पुलाच्या कडांची तुळई अवघी आठ फूट उंच होती. ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी साठ-पासष्ट किलोमीटरचा वारा सुटला. ते वादळ म्हणण्याइतकेही नव्हते. पूल पिळवटू लागला आणि काही तासांत खाली कोसळला. सुदैवाने माणूस कोणी दगावला नाही. मोटारीत अडकलेले एक कुत्रे तेवढे गेले.

गणित चुकले नव्हते. ज्या शक्तीचे गणित केले, तिचे उत्तर बरोबर होते. पण जड, रुंद पुलांच्या काळात वाऱ्याची जी शक्ती क्षुल्लक म्हणून सोडून दिली जात होती, तीच शक्ती सडपातळ पुलाच्या बाबतीत प्राणघातक ठरली. प्रत्येक यशस्वी पुलाने सुरक्षिततेच्या शिदोरीतला एकेक घास काढून घेतला होता आणि शिदोरी संपली आहे, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

‘टायटॅनिक’ जहाजाची कथाही याच जातीची आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते बुडाले तेव्हा त्यावर वीस जीवनौका होत्या आणि त्यांत ११७८ माणसे बसू शकत होती. जहाजावर त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसे होती. पंधराशेच्या आसपास माणसे बुडाली. परंतु जीवनौका कमी ठेवण्यात नियमभंग नव्हता! दहा हजार टनांच्या जहाजांचा विचार करून केलेला जुना नियम शेहेचाळीस हजार टनांच्या जहाजाला लावला गेला होता. जहाजे वाढली, नियम तेथेच राहिला. कायद्याचे पालन झाले आणि माणसे मेली.

खालचा आवाज वर पोहोचत नाही

कॅनडात क्वेबेक येथे सेंट लॉरेन्स नदीवर जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. त्याचे सल्लागार थिओडोर कूपर हे वयोवृद्ध आणि सर्वमान्य अभियंता होते. प्रकृतीच्या कारणाने ते शेकडो मैल दूर न्यूयॉर्कमध्ये बसून निर्णय देत. पुलाचा गाळा सोळाशे फुटांवरून अठराशे फुटांवर नेण्यात आला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने मांडला गेला नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या मुख्य सदस्यांना बाक येऊ लागला. जागेवरच्या तरुण अभियंत्याने तो मोजला, वाढताना पाहिला आणि अखेरीस तो स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपर यांनी धोका ओळखला, काम थांबवण्याविषयी तारही गेली, पण ती पुलापर्यंत वेळेत पोहोचली नाही. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी, काम सुटण्याच्या सुमारास, पूल कोसळला आणि ७५ कामगार ठार झाले.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल, तर कर्नालच्या कन्येचे घ्यावे. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या ‘कोलंबिया’ यानात होते, त्याच्या डाव्या पंखावर १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळीच बाहेरच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा आदळला. ते चित्रफितीत दिसले. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे अवकाशातून घ्यावीत, अशी विनंती केली. वरिष्ठांनी ती पुढे नेली नाही. कारण काय? तर फेसाचे तुकडे यापूर्वीही अनेकदा आदळले होते आणि प्रत्येक वेळी यान सुखरूप परतले होते. पहिल्यांदा जी गोष्ट धोक्याची म्हणून नोंदली गेली होती, ती वारंवार घडल्याने नित्याची झाली होती. १ फेब्रुवारीला उतरण्यास सोळा मिनिटे उरली असताना यानाचे तुकडे झाले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात, फेसाइतकीच संस्थेची कार्यसंस्कृतीही या मृत्यूंना कारणीभूत आहे, असा निष्कर्ष नोंदवला.

महाराष्ट्रात हे निराळ्या वेषात घडते. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती आहे, अशी तक्रार गावकरी आधीपासून करीत होते. गळती पाहणाऱ्या शेतकऱ्याला पदवी नसते, पण त्याचे घर धरणाखाली असते. त्याच्याइतका दक्ष निरीक्षक सरकारला कोठे मिळणार? आणि दुर्घटनेनंतर काय ऐकावे लागले? खेकड्यांनी धरण पोखरले! खेकडे प्रत्येक धरणात असतात. त्यांची बिळे शोधून बुजवणे, यालाच तर देखभाल म्हणतात.

तीस वर्षांची विस्मृती

१९७७ साली सिब्ली आणि वॉकर या ब्रिटिश अभ्यासकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. गाजलेले मोठे पूल साधारणपणे दर तीस वर्षांनी कोसळत आले आहेत. १८४७ साली इंग्लंडमधील डी नदीवरचा पूल कोसळला. १८७९ साली स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल आगगाडीसह गेला. हा पूल बांधल्याबद्दल थॉमस बाउच यांना महाराणीने ‘सर’ किताब दिला होता आणि वाऱ्याच्या दाबासाठी त्यांनी वेगळी तरतूद केलेली नव्हती. १९०७ साली क्वेबेक, १९४० साली टॅकोमा आणि १९७० साली वेल्समधील मिलफर्ड हेवन व ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील पेटीच्या आकाराच्या तुळयांचे पूल बांधकाम चालू असतानाच पडले.

तीसच वर्षे का? यात ग्रहदशा काही नाही. तीस वर्षे म्हणजे अभियंत्यांची एक पिढी. नव्या प्रकारचा पूल प्रथम बांधणारी पिढी भीत भीत बांधते. तिला आपले अज्ञान ठाऊक असते. तिचे शिष्य तिच्याकडून सूत्रे घेतात, पण सूत्रामागची भीती घेत नाहीत. पुस्तकात उत्तर येते, उत्तर शोधताना गुरूने काढलेल्या जागरणांची नोंद येत नाही. परंपरा म्हणजे केवळ रीत पुढे देणे नव्हे. ती रीत का पडली, कोणत्या संकटातून पडली, तेही पुढे देणे म्हणजे परंपरा. रीत उरली आणि कारण विसरले, की तिला रूढी म्हणतात. अभियांत्रिकीतही रूढी असतात आणि त्या समाजातल्या रूढींइतक्याच घातक असतात.

कॅनडातील अभियंत्यांनी यावर एक संस्कार शोधला. १९२५ पासून तेथे पदवी घेणारे अभियंते एका साध्या समारंभात प्रतिज्ञा घेतात आणि काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडाची अंगठी घालतात. आराखड्यावर हात टेकला की ती कागदाला लागते आणि आपल्या स्वाक्षरीखाली माणसांचे प्राण आहेत, याची आठवण देते. क्वेबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडातून त्या अंगठ्या घडवल्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी नाही. परंतु लोकांना ती खरी वाटावी, यातच तिचा अर्थ आहे. उपनयनाचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाला या अंगठीचा अर्थ निराळा सांगण्याची आवश्यकता नाही.

कोयनेने काय केले?

कीर्तिमंत काम कोसळतेच, असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून कोयनेचे स्मरण करू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, वसाहत जमीनदोस्त झाली. सह्याद्रीचा हा भाग भूकंपापासून जवळजवळ मुक्त मानला जात होता. धरणाच्या आरेखनात भूकंपासाठी जी तरतूद होती, तिच्या कित्येक पट मोठा हादरा बसला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला माथ्याजवळ, जेथे त्याचा उतार एकाएकी बदलतो तेथे, दोन्ही अंगांना भेगा पडल्या. पण धरण उभे राहिले.

ते उभे राहिले, कारण बांधणाऱ्यांनी हिशेबाच्या पलीकडचे बळ त्यात ठेवले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यानंतर कोणी भेगा लपवल्या नाहीत. जलाशय उतरवला गेला, भेगा भरल्या गेल्या, पुढे धरणाच्या पाठीला काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले. जलाशयाच्या पाण्याने भूकंपाला चालना मिळू शकते का, याचा अभ्यास जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेवर केला आणि आजही करीत आहेत. पानशेत आणि कोयना ही एकाच राज्यातली, एकाच दशकातली धरणे. एकाने घाईची किंमत सांगितली, दुसऱ्याने राखीव बळाची.

राखीव बळाची ही कल्पना आपल्याला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी जे विवेचन आहे, ते प्रत्येक अभियंत्याने वाचावे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, हे तर कोणीही सांगेल. पण अमात्य पुढे जाऊन बजावतात की झरा आहे, पाणी पुरते आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि पाण्याची गरज तर तेव्हाच अधिक असते. म्हणून जादा टाकी खोदून पाणी राखून ठेवावे. नेहमीची व्यवस्था नेमकी संकटाच्या वेळीच दगा देते, म्हणून संकटाची व्यवस्था वेगळी असावी. टायटॅनिकच्या मालकांना हे कळले असते, तर पंधराशे प्राण वाचले असते.

नागपूरच्या दारात

हे सारे पुण्याचे, कोकणाचे, अमेरिकेचे झाले. नागपूरचे काय?

अंबाझरी तलाव १८७० साली बांधला गेला. मातीचे हे धरण शहराचे एक भूषण आहे. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह तेथे न गेलेले नागपूरकर कुटुंब शोधून सापडणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या अभियंता दिनानंतर अवघ्या आठ दिवसांनी, मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तलाव ओसंडून वाहू लागला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर या सुखवस्तू भागांत पहाटे झोपेतच घरात पाणी शिरले. लष्कराच्या तुकड्यांना पाचारण करावे लागले. शहरात चार जणांना प्राण गमवावे लागले आणि हजारो घरांचे संसार चिखलात गेले.

लक्षात घ्यावे, धरण फुटले नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मातीने आपले काम केले. सांडवाही वाहिला, कारण वाहण्यासाठीच तो असतो. चूक झाली ती सांडव्याच्या खाली. ज्या वाटेने पाण्याने जायचे, ती वाट दीडशे वर्षांत कोणी कोणी अडवली, याचा विचार करावा लागेल. नाग नदीचे पात्र अरुंद झाले, काठावर घरे आली, पुलांचे गाळे अपुरे पडले. सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारले गेले आणि त्याचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. स्वामीजींविषयी या सभागृहात कोणाला आदर शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या महापुरुषाने दरिद्री माणसाच्या सेवेत नारायणाची पूजा पाहिली, त्याचे स्मारक पाण्याच्या वाटेत असावे की वाटेबाहेर, याचे उत्तर श्रद्धेने नव्हे, तर जलशास्त्राने द्यायचे आहे. त्यात श्रद्धेला उणेपणा येत नाही.

बांधकाम पूर्ण झाले की त्याचे आयुष्य संपत नाही, ते तेव्हा सुरू होते. धरण बांधले तेव्हा खाली शेते होती, आज वसाहती आहेत. म्हणजे त्याच धरणाची जोखीम आज शतपट झाली आहे, जरी त्याची एक वीटही हललेली नसली तरी! महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्यांसह सुमारे चाळीस माणसे गेली. तो बांधला तेव्हा त्यावरून किती वाहने जात असतील? पुलाचे वय वाढले, भार वाढला, नदीतळ बदलला आणि देखभालीची वही मात्र तीच राहिली.

करावे काय?

देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला, राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण कायदा टायटॅनिकच्या काळीही होता. कायद्याला प्राण देणारी माणसे लागतात. त्या दृष्टीने चार गोष्टी मनावर घेण्यासारख्या आहेत.

पहिली अभियांत्रिकी महाविद्यालयांनी. यशस्वी बांधकामांच्या सहली निघतात, तशा पडलेल्या बांधकामांच्याही निघाव्यात. पानशेत, तिवरे, सावित्री ही आपल्या विद्यार्थ्यांची तीर्थे व्हावीत. त्यांचे चौकशी अहवाल मराठीत उपलब्ध व्हावेत आणि वर्गात वाचले जावेत.

दुसरी राज्यकर्त्यांनी. उद्घाटनाची तारीख आधी आणि कामाची तपासणी मागाहून, हा क्रम उलटवला पाहिजे. नागपूरने गेल्या काही वर्षांत प्रचंड कामे पाहिली. मेट्रो आली, वर्धा रोडवर विक्रमी लांबीचा दुमजली उड्डाणपूल आला, समृद्धी महामार्ग आला. या कामांचा अभिमान रास्त आहे. पण त्याच महामार्गाच्या बांधकामावर शहापूरजवळ ३१ जुलै २०२३ च्या रात्री तुळई चढवणारे यंत्र कोसळून वीस कामगार ठार झाले, हेही त्याच अभिमानाच्या पानावर लिहिले गेले पाहिजे. त्या वीस घरांपुरता तो मार्ग तेथेच संपला.

तिसरी अभियंत्यांनी. ‘काम थांबवा’ हे दोन शब्द अभियंत्याच्या शब्दकोशातील सर्वांत कठीण शब्द आहेत. ते उच्चारणाऱ्याची बदली होते, बढती अडते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ते एकट्याने उच्चारण्याची पाळी कोणावर येऊ नये. त्याच्या पाठीशी त्याच्या व्यवसायबंधूंनी उभे राहिले पाहिजे.

चौथी गोष्ट तुमची-आमची. संघटित समाज आपत्तीनंतर धावून जातो, अन्नाची पाकिटे वाटतो, चिखल उपसतो. हे पुण्याचे काम आहे आणि ते होतच राहील. परंतु धरणाची गळती दिसते तेव्हा, नाल्यात भराव पडतो तेव्हा, सांडव्यासमोर भिंत उभी राहते तेव्हाही समाजाने तितक्याच तत्परतेने उभे राहावे. आपल्या वस्तीतून जाणारा नाला कोठून येतो, कोठे जातो, वरचा तलाव भरला तर पाणी किती वेळात आपल्या दारी येईल, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडी दहा तरुणांनी आपल्या भागातील नाल्याच्या काठाने एकदा पायी चालून यावे, अडथळे नोंदवावेत आणि महापालिकेकडे लेखी द्यावेत. एवढ्याला ना पदवी लागते, ना निधी.

१९०८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबादेत मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे गेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी नदीचा, पावसाचा, जुन्या फुटलेल्या तलावांचा अभ्यास केला आणि पूर अडवणारे जलाशय सुचवले. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. आधी पडलेले पाहिले, मग उभारले. त्यांच्या जन्मदिनी त्यांच्या प्रतिमेला हार घालताना हा क्रम ध्यानात राहिला, तर यंदाच्या पावसात अंबाझरीच्या काठावरचे एखादे कुटुंब निश्चिंत झोपेल.